कागदाचा झगा

आमच्या घरातल्या बाथटबमध्ये माणसांपेक्षा अस्तरं जास्त वेळ भिजत असत. जर्मनीत डार्मश्टाटमधलं ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि ही न्हाणी. न्हाणीत जायचं तर आधी आईला विचारावं लागे, "टबात काय आहे?" कधी फॉल असायचे, कधी मोतिया रंगाचं अस्तर, कधी कुणाच्या लग्नाच्या ब्लाउजचा खण. आई इचलकरंजीच्या विणकरांच्या घरातली. तिचं लहानपण मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरण्यात गेलं होतं, आणि कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, हा नियम ती तिथूनच घेऊन आली होती. कोरं कापड खरं माप सांगत नाही, असं तिचं म्हणणं. बाबा औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायचे. ते संध्याकाळी आंघोळीला निघाले की टबातली अस्तरं बादलीत काढावी लागत, आणि ते दर वेळी तेच म्हणायचे, "वत्सला, आज माझा नंबर लागतोय का?"

फ्रांकफुर्टच्या बाजूला राहणाऱ्या मराठी बायका आईकडे ब्लाउज शिवायला यायच्या. पिशवीत नवं कापड आणि त्यासोबत एक जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज. मापाचा ब्लाउज. आई टेप फारशी वापरत नसे. मापाचा ब्लाउज ती टेबलावर पसरायची, तळहाताने सारखा करायची, शिवणींवरून अंगठा फिरवायची आणि नव्या कापडावर खडूने रेघा ओढायची. कुठलीही शिवण न उसवता तिला आतला सगळा हिशोब कळायचा. रविवारी विद्यापीठातले दोन-तीन मराठी विद्यार्थी जेवायला यायचे, त्यांच्यासाठी ती राय नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठाच्या भाकरी थापायची. त्या थापताना तुटायच्या आणि ती पिठाला शिव्या द्यायची. गोड म्हणून क्वार्क, तिथलं दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात बांधून केलेलं श्रीखंड. आजही मला स्वयंपाकघर म्हटलं की पायमशीनचा खडखडाट आणि नळाला टांगलेल्या क्वार्कच्या पुरचुंडीतून पडणारे थेंब, असे दोनच आवाज ऐकू येतात.

शाळा संपल्यावर मी शहरातल्या एका नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम शिकायला लागले. नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही, कारण माझं त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. तिथली आउसबिल्डुंग म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण, आणि त्यातले पहिले काही महिने प्रोबेत्साइट. त्या काळात एक चूक झाली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं सांगायचा त्यांना हक्क. कपडेपटाच्या प्रमुख होत्या फ्राऊ झीग्लर. उंच, सुकलेल्या, गळ्यात कायम टाचण्यांची गादी. त्यांच्या हाताखाली मी बटणं लावायची, घामट कपड्यांच्या काखा धुवायच्या आणि गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला कधीच जमलं नाही. आज मी जुने पोशाख विकत घेते, भाड्याने देते, विकते, आणि समोरचा माणूस घासाघीस करून दमला की मगच माझी सुरुवात होते. हा स्वभाव तेव्हाही होता, फक्त धंदा नव्हता.

त्या वर्षी नाट्यगृहात एक नवं बॅले बसत होतं. पहिल्या महायुद्धातल्या एका नृत्यमंडळीची गोष्ट. तरुण नर्तक आघाडीवर गेलेले, थिएटरला कोळसा नाही, आणि उरलेल्या मुली इस्पितळाच्या लांबलचक खोलीत जखमी सैनिकांच्या खाटांमधून नाचतात. त्या प्रवेशासाठी आठ झगे हवे होते. फ्राऊ झीग्लरनी पुस्तकं उघडून आम्हाला चित्रं दाखवली होती: युद्ध सुरू होण्याआधीचे पायघोळ घागरे, आवळलेल्या कमरा, आणि मग दोन-तीन वर्षांत घोट्याच्या वर गेलेली घेराची कड, सैल कमर, साधी बाही. सुती आणि लोकरी कापड सैन्याकडे गेलं होतं, त्यामुळे बायकांच्या अंगावर कमी कापड आलं आणि त्याचीच फॅशन झाली. पण चित्रावरून झगा बेतणं वेगळं आणि खरा झगा हातात येणं वेगळं. एक दिवस फ्राऊ लिंडनर नावाच्या सत्तरीच्या बाई खरा झगा घेऊन आल्या. त्यांची आई अशाच एका मंडळीत नाचायची आणि हा झगा घालून ती इस्पितळात नाचली होती.

झगा करड्या रंगाचा, छातीवर फिका निळा, आणि घेराला हाताने रंगवलेली निळी नक्षी. उचलला तर जवळजवळ वजनच नाही. हलवला की वाळक्या पानांवरून कुणी चाललंय असा आवाज. फ्राऊ लिंडनरनी तो आठवडाभरासाठी दिला आणि एकच अट घातली, एकही शिवण उसवायची नाही. त्या गेल्यावर फ्राऊ झीग्लर अर्धा तास त्या झग्याभोवती फिरत राहिल्या. कमरेच्या आत चुण्या अशा काही बसवल्या होत्या की उसवल्याशिवाय बेत कळेना. आणि तेव्हा मी बोलले. म्हटलं, माझी आई शिवण न उसवता कुठलाही कपडा जसाच्या तसा बेतून देते.

"कुठलाही?" फ्राऊ झीग्लरनी विचारलं.

"कुठलाही. वर त्याचा पहिला नमुनाही शिवून देईल."

"आणि बदल्यात?"

मी म्हटलं, "बदल्यात कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव." त्या नुसत्या हसल्या. त्याला मी होकार समजले. पहिल्या सौद्यात मी हीच एक चूक केली. पुढे आयुष्यात कधी केली नाही.

शुक्रवारी झगा पांढऱ्या खोक्यात घालून मी घरी आणला. खोक्याबरोबर फ्राऊ झीग्लरनी एक चिठ्ठी दिली होती, आईला वाचून दाखव म्हणून. मी ती कोटाच्या खिशात टाकली. शनिवारी सकाळी आई खोक्यातला झगा बघत बघत म्हणाली, "छान आहे. पण तू हेच करणार का आयुष्यभर? मला दुसरं काही येत नाही म्हणून मी शिवते. तुला येतं." रविवारी जेवायला येणाऱ्या त्या विद्यार्थ्यांची उदाहरणं तिने दिली. एकजण इंजिन शिकतोय, दुसरा उपग्रहांचं काहीतरी. मी जर्मनमध्ये उत्तर दिलं. त्या वयात मी रागावले की जर्मन बोलायचे, म्हणजे तिला अर्धं कळावं आणि उरलेलं टोचत राहावं. म्हणाले, तुला या देशात साधी एक पाटी वाचता येत नाही, आणि मला शिकवतेस. हे मात्र तिला पूर्ण कळलं. तिने झग्याची घडी नीट केली आणि म्हणाली, "जा, कोथिंबीर आण." मी दार आपटून गेले.

बाजारात एका तुर्की भाजीवाल्याशी मी अर्धवट वाळलेल्या दोन जुड्यांसाठी भांडत होते. सुट्टे पैसे काढायला खिशात हात घातला आणि चिठ्ठी हाताला लागली. उघडली. तीनच ओळी होत्या. कापड कागदाच्या सुताचं आहे. युद्धात कापूस नव्हता म्हणून कागदाच्या पट्ट्यांना पीळ देऊन सूत करत. पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. कोथिंबीर तिथेच टाकून मी पळाले. ट्रामची वाट पाहिली नाही. पळता पळता स्वतःला समजावत होते की शिवलेला कपडा ती कशाला भिजवेल, ती तर फक्त कोरं कापड भिजवते.

दारातून मी आधी न्हाणीत गेले. टब अर्धा भरलेला होता आणि त्यात झगा पसरलेला, एखादं मोठं पान पाण्यावर पडावं तसा. आई काठाशी गुडघ्यावर बसली होती. तिच्या हातात घेरातून निघालेला एक धागा होता, आणि तो तिने नखाने उलगडला होता. धाग्याची बारीक, चपटी पट्टी झाली होती.

"अगं," ती म्हणाली, "हा कागद आहे."

"का भिजवलास? हा शिवलेला होता ना?"

"मापाचा होता म्हणून भिजवला. जुन्या घामाने कपडा आखडलेला असतो, माप चुकतं. धुतल्याशिवाय मापाचा कपडा मी कधी घेतलाय का?" मग तिने माझ्या हातातली चिठ्ठी पाहिली. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. मराठीत. मी झगा उचलायला पाण्यात हात घातला आणि तिने माझ्या मनगटावर अशी चापट मारली की बोटं उमटली. "हात लावू नकोस. ओलं सूत ओढायचं नाही. ओलं आहे तोवर त्याला जीव नाही, वाळलं की परत येईल. आला तर." इचलकरंजीत ताण्याला खळ लावून उन्हात ताणतात, त्याला तिच्याकडे पांजणी म्हणत. ते सूत वाळेपर्यंत पोरांना जवळही फिरकू देत नसत, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, टबाकडे बघत, अगदी हळू आवाजात, झगा ऐकेल की काय अशा.

बाबांना हाक मारली. ते वर्तमानपत्र हातात घेऊनच आले आणि टबात पाहून वर्तमानपत्र खाली ठेवलं. आईने आपली सर्वांत मऊ, विरलेली सुती साडी काढली, दुहेरी केली आणि पाण्याखालून सरकवत सरकवत झग्याच्या खाली नेली. मग टबाचं बूच काढलं. पाणी इतकं सावकाश उतरत होतं की मी मनात आकडे मोजत बसले. पाणी गेलं आणि झगा साडीवर बसला.

"अहो, तुम्ही तिकडची दोन टोकं धरा."

"दोन्ही हातांत दोन?" बाबा म्हणाले.

"मग एक दातात धरणार आहात का? आणि एकदम उचलायचं. मी म्हणेन तेव्हा. झोळी व्हायला नको, ताणून धरा."

आम्ही तिघांनी तो झगा न्हाणीतून बाहेरच्या खोलीत नेला. दारातून जाताना बाबा उलटे चालत होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. जेवणाच्या टेबलावर साडीसकट तो ठेवला. आईने हीटर बंद करायला लावला, पडदे ओढले, खिडकी बोटभर उघडी ठेवली. झग्यावर कोरडं धोतर अंथरून तिने ते फक्त टेकवलं, दाबलं नाही. रविवारी विद्यार्थी आले, त्यांनी भाकरी आणि श्रीखंड जमिनीवर बसून खाल्लं, आणि टेबलावर काय आहे ते कुणी विचारलं नाही, कारण आईचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता. त्यांच्यातला तो उपग्रहवाला मुलगा मात्र जाताना म्हणाला, "काकू, आज श्रीखंडात साखर राहिली." ती म्हणाली, "राहू दे."

सोमवारी सकाळी झगा वाळला होता. आईने घेराचा एक बारीकसा भाग चिमटीत धरला, अगदी हलका ताण दिला आणि सोडला. मग परत थोडा जास्त. "आला," ती म्हणाली. पुन्हा तोच वाळक्या पानांचा आवाज. फक्त घेराच्या कडेला निळा रंग जरासा पसरला होता आणि त्याची एक फिकी वळणदार रेघ उमटली होती, जमिनीवर सांडलेला चहा वाळला की दिसते तशी. आई त्यानंतर दोन दिवस शिवत होती. झग्याच्या शेजारी स्वस्त सुती कापड पसरून तिने हुबेहूब नमुना बेतला, चुण्यांसकट. मी कपडेपटात जायचे, बटणं लावायचे. फ्राऊ झीग्लर विचारायच्या, "आल्झो, मग, आई कुठवर आली?" मी म्हणायचे, "गेनाऊ, अगदी ठरल्याप्रमाणे." आणि पुढचं बटण उचलायचे.

माझा विचार अगदी सरळ होता. सांगायचंच नाही. रेघ जुनी आहे म्हणायचं. कुणाला कळणार? मंगळवारी मी हे आईला सांगितलं, आणि तिने मशीन थांबवलं.

"मापाचा ब्लाउज आपल्या हातून खराब झाला तर आपण सांगतो."

"आई, माझी प्रोबेत्साइट चालू आहे. काढून टाकतील मला."

"मी सांगेन. धुतला मी."

बुधवारी आम्ही दोघी ट्रामने गेलो. आईने ठेवणीतली साडी आणि वर कोट घातला होता, खोकं मांडीवर. मी रस्ताभर भाषणं तयार करत होते. झगा मजबूत आहे, नमुना उत्तम आहे, इतक्या कमी दिवसांत इतकं काम दुसरं कुणी करून देणार नाही. कपडेपटात गेलो तर फ्राऊ लिंडनर तिथे बसलेल्या. आपला झगा कसा आहे ते बघायला आल्या होत्या. आईने नमुना एका बाजूला ठेवला, झगा दुसऱ्या बाजूला, आणि पाठ केलेलं एकच जर्मन वाक्य म्हटलं, "इश हाबं एस गेवाशन." मी हा धुतला. फ्राऊ झीग्लरचा हात गळ्यातल्या टाचण्यांच्या गादीवर गेला. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी चिठ्ठी दिली होती."

माझी सगळी भाषणं तोंडाशी होती. आई माझ्याकडे बघतही नव्हती. ती टेबलाकडे बघत उभी होती, जे बोलणं येईल ते घ्यायला तयार. मी कोटाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही माझ्याच खिशात राहिली. तिला जर्मन वाचता येत नाही आणि मी तिला वाचून दाखवली नाही." एवढंच.

फ्राऊ लिंडनर उठल्या. त्यांनी चष्मा लावला, झगा खिडकीपाशी नेला आणि घेर उजेडात धरला. मग त्या हसायला लागल्या. घेराची आतली बाजू त्यांनी आमच्याकडे वळवली. तिथे, दुमडीच्या खाली, झाडाच्या खोडात असतात तशा एकाखाली एक रेघा होत्या, फिकट निळ्या. चार तरी. आणि सगळ्यांत बाहेर आईची, जरा ताजी.

"माझी आई हा दर पंधरवड्याला धुवायची," त्या म्हणाल्या. "इस्पितळात नाचून आल्यावर न धुता चालणार होतं का? टेबलावर चादर घालून वाळवायचा आणि हात लावायचा नाही. चादरीचं एक टोक धरायचं काम माझं. मी पाच वर्षांची होते. धरलेलं टोक सोडलं म्हणून एकदा मार खाल्लाय." मग त्या फ्राऊ झीग्लरना म्हणाल्या, "मी उसवू नका म्हटलं होतं. पाण्याबद्दल तुम्ही मला विचारलंच नाहीत."

आई मला कोपराने ढोसत होती. "काय म्हणतायत? काय म्हणतायत त्या?" मी सांगितलं. तिने ऐकलं, आणि तिथे एक लाकडी स्टूल होतं त्यावर ती विचारल्याशिवाय बसली. फ्राऊ लिंडनरनी तिला हाताने खुणा करत विचारलं, कशाने उचललात? आईने साडीचा पदर ताणून दाखवला, असा, खालून. दोघी एकमेकींना हातांनी सगळं सांगत होत्या, आणि मध्ये माझी कुणाला गरज नव्हती.

फ्राऊ झीग्लरनी नमुना उचलला, चुण्यांच्या आत बोट घालून पाहिलं, खऱ्या झग्यावर धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चिठ्ठी उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि मला म्हणाल्या, "उद्या आठला. आणि यापुढे जे देईन ते वाचायचं." म्हणजे मी राहिले होते. आणि राहिले हे कळताक्षणी मी तोंड उघडलं, ते कार्यक्रमपत्रिकेतल्या नावासाठी. त्या म्हणाल्या, बाहेरच्यांची नावं छापत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कबूल केलं होतं. त्या म्हणाल्या, मी फक्त हसले होते. मी म्हटलं, बूट दुरुस्त करणाऱ्याचं नाव छापता. शेवटी आईने माझी बाही ओढली. पुढे बॅले उभं राहिलं, आठ मुली आठ झग्यांत खाटांमधून नाचल्या, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि पत्रिकेत बूटवाल्याचं नाव होतं, आईचं नव्हतं. ती पत्रिका माझ्याकडे आहे. गेल्या काही वर्षांत मी त्या नाट्यगृहाला तीन पत्रं लिहिली, तिन्हींची सभ्य उत्तरं आली. चौथं लिहिते आहे.

पण त्या बुधवारी, परतीच्या ट्राममध्ये, मला राग धरून बसता येईना. मी प्रयत्न केला. फ्राऊ झीग्लर काय म्हणाल्या, मी काय म्हणायला हवं होतं, हे आईला सांगत होते. ती एकदा "हं" म्हणाली. मग तेही थांबलं. वळून बघितलं तर ती झोपली होती. शनिवारपासून ती झोपलीच नव्हती, पहाटे टेबलाजवळ जाऊन बसलेली मी तिला पाहिली होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मग पूर्ण वजनानं टेकलं, तोंड थोडं उघडं. आमचा थांबा आला. दार उघडलं, समोरची बाई उतरली, दार बंद झालं. मी हललेच नाही. पुढचा थांबा गेला, त्याच्या पुढचाही. घरं संपली, छोट्या बागा लागल्या, आणि शेवटच्या थांब्यावर ट्राम उभी राहिली. चालक मागे येऊन म्हणाला, शेवट आहे, उतरा. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने आईकडे पाहिलं, खांदे उडवले आणि बाहेर सिगारेट ओढायला गेला.

आईने डोळे उघडले. "आलं का आपलं?"

"नाही," मी म्हणाले. "पुढे आलोय. बस तू. हीच परत जाते."